धातुशोधक आणि माणसाचा हात

२ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वेस्थानकात गोळ्या झाडण्यात आल्या. त्यांपैकी एक गोळी शरीरात रुतून बसली होती आणि ती नेमकी कोठे आहे हे शल्यविशारदांना उमगत नव्हते. क्ष-किरणांचा शोध लागण्यास अजून चौदा वर्षांचा अवकाश होता. तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी तारेची वेटोळी, विद्युत्घट आणि टेलिफोनचा श्रवणभाग यांची जुळणी करून एक उपकरण तयार केले. धातू जवळ आला की वेटोळ्यांमधील विद्युत्-समतोल ढळावा व कानाला लावलेल्या श्रवणभागातून आवाज यावा, अशी ही योजना होती. प्रयोगशाळेत ती उत्तम चालली. अध्यक्षांच्या बिछान्यापाशी मात्र आवाज एका जागी न येता चोहीकडे मंदपणे येत राहिला. मागाहून उलगडा झाला तो असा की, गादीच्या खाली पोलादी तारांची जाळी होती. गोळी सापडली नाही. १९ सप्टेंबरला अध्यक्षांचे निधन झाले.

धातुशोधकाच्या इतिहासातील हा प्रसंग नेहमी सांगितला जातो. परंतु त्यातील एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. बेल यांच्या उपकरणाचे तत्त्व निर्दोष होते. दोष होता तो उपकरण ज्या परिस्थितीत वापरले गेले तिच्यात. धातुशोधकाविषयी लिहिणारे बहुतेक लेखक तत्त्वावर पाने खर्च करतात आणि यंत्र धरणाऱ्या माणसाला दोन ओळींत निरोप देतात. येथे आपण त्या माणसाचाच विचार करणार आहोत, कारण थकलेल्या हाताने फिरवलेले चांगले यंत्र हे वाईट यंत्रच होय.

याची सर्वांत कठोर परीक्षा युद्धात झाली. पोलंडचे एक अधिकारी युझेफ कोसात्स्की हे स्कॉटलंडमध्ये असताना त्यांनी १९४१-४२ च्या सुमारास जमिनीत पुरलेले सुरुंग शोधणारे उपकरण सिद्ध केले. त्यांनी त्याचे एकस्व घेतले नाही. ते ब्रिटिश सैन्याला देऊन टाकले. त्याचे वजन १४ किलोग्रॅमला थोडे कमी होते आणि ते एकट्या माणसाला चालवता येत असे. ऑक्टोबर १९४२ मध्ये एल् अलामीनच्या लढाईत अशी सुमारे ५०० उपकरणे वापरण्यात आली. पूर्वी तासाभरात सुमारे १०० चौरस मीटर जमीन तपासून होई, ती आता २०० चौरस मीटर होऊ लागली, असे सांगतात. हे आकडे प्रभावी आहेतच. पण १४ किलोग्रॅमचा भार घेऊन, शत्रूच्या माऱ्याखाली, कानावर श्रवणी चढवून वाळवंटात एकेक पाऊल टाकणाऱ्या सैनिकाची कल्पना केल्याशिवाय त्यांचा अर्थ पुरता ध्यानी येत नाही. दर झोक्याला हात वीतभर वर उचलला गेला, तर तेवढी जमीन तपासली न गेल्यासारखीच. हे उपकरण हाती येण्यापूर्वीचे काम कसे होते याची साक्ष आपल्याच देशबांधवाने दिली आहे. खडकीला केंद्र असलेल्या बॉम्बे सॅपर्सच्या २१ व्या फील्ड कंपनीतील सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी १९४१ च्या प्रारंभी अबिसीनियाच्या आघाडीवर चार दिवसांत ५५ मैलांच्या रस्त्यावरील १५ सुरुंगक्षेत्रे शोधून मोकळी करवून घेतली. तीही मुख्यतः डोळ्यांच्या व हातांच्या भरवशावर. त्यांची गाडी दोनदा सुरुंगाने उडाली, कानाचा पडदा फाटला. तरी त्यांनी बदली माणूस घेण्यास नकार दिला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

त्या काळच्या उपकरणांत निर्वात नलिका असत आणि त्यांना लागणारे विद्युत्घट जड असत. ट्रान्झिस्टर आल्यावर हा भार झपाट्याने उतरला. आज सामान्य धातुशोधक दीड किलोग्रॅमच्या आसपास असतो. मग तासाभरात दंड का भरून येतो? याचे उत्तर वजनात नसून ते वजन कोठे आहे यात आहे. शाळेत शिकलेला तरफेचा नियम येथे उपयोगी पडतो.

समजा, दांड्याच्या टोकाची वेटोळ्याची चकती ६०० ग्रॅमची आहे आणि मुठीपासून तिचे आडवे अंतर ८० सेंटिमीटर आहे. मुठीच्या मागे २० सेंटिमीटरवर बाहूचा आधार, म्हणजे कोपराजवळची खोबण आहे. चकती पुढचे टोक खाली ओढते, म्हणून मागचे टोक वर उचलले जाऊ पाहते आणि ते बाहूला दाबून धरावे लागते. हा दाब ६०० × ८० ÷ २० म्हणजे २,४०० ग्रॅम भरतो. मुठीवर दोन्हींची बेरीज येते : ३ किलोग्रॅम. आता ४०० ग्रॅमची विद्युत्घटांची पेटी मुठीच्या पुढे १० सेंटिमीटरवर बसवलेली असली, तर याच हिशेबाने मुठीवरचा भार ३.६ किलोग्रॅम होतो. तीच पेटी मुठीच्या मागे ३० सेंटिमीटरवर, कोपराच्या पलीकडे नेली, तर तो २.८ किलोग्रॅमवर येतो. एक ग्रॅमही कमी न करता मुठीवरचा ८०० ग्रॅम भार उतरला! दांड्याचे स्वतःचे वजन मी सोपेपणासाठी सोडून दिले आहे. त्याने निष्कर्ष बदलत नाही.

पेटी कमरेच्या पट्ट्याला अडकवावी, असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. आपल्या उदाहरणात तसे केल्यास मुठीवर ३ किलोग्रॅम येतात, म्हणजे पेटी मागे ठेवण्यापेक्षा थोडे अधिकच. तथापि सल्ला चुकीचा नाही. धातुशोधक केवळ धरून ठेवायचा नसतो, तो सतत डावी-उजवीकडे झुलवायचा असतो, आणि प्रत्येक झोक्याच्या शेवटी त्याचे सारे वस्तुमान थांबवून उलट फिरवावे लागते. मागे लावलेला तोलभार उभ्या माणसाला सुखावतो, पण झुलवणाऱ्याला तो अधिकचा बोजा वाटू शकतो. हलकी पेटी मागे आणि जड पेटी कमरेला, असे ढोबळमानाने म्हणता येईल. सर्वांत खरा लाभ चकती हलकी करण्यात आहे. टोकाचे १०० ग्रॅम कमी झाले की मुठीवरचे ५०० ग्रॅम कमी होतात. मात्र लहान चकतीचा शोध कमी खोल जातो व तिच्या एका झोक्यात जमीनही कमी झाकली जाते. हातावरचा भार वाचला तरी पावले वाढतात.

दांड्याची लांबी ठरवताना नेहमीचे जोडे घालून ताठ उभे राहावे, खांदा सैल सोडावा, कोपर किंचित वाकलेले ठेवावे. अशा स्थितीत चकती समोर जमिनीशी समांतर, बोट-दोन बोटे वर यावी. दांडा आखूड असेल तर पाठ वाकते. फार लांब असेल तर वरच्या हिशेबातील ८० चे १०० होतात. बाहूची खोबण कोपराच्या किंचित खाली यावी, हाडावर नव्हे. तिच्यात मऊ अस्तर घातले व पट्टा सैलसर बांधला की मूठ आवळून धरण्याची गरज राहत नाही. झोका मनगटाने न देता कमरेपासून द्यावा. सुरुंग काढणारी माणसे अनेकदा गुडघ्यावर बसून काम करतात, म्हणून त्यांच्या उपकरणांचे दांडे आत सरकवून आखूड करता येतात.

शरीराइतकाच कानही थकतो. नवखा माणूस संवेदनक्षमतेचे बटण शेवटपर्यंत फिरवतो आणि मग यंत्राच्या अखंड कुरबुरीने तासाभरात इतका त्रासतो की खरा इशारा आला तरी त्याला तो जाणवत नाही. बटण थोडे मागे घेऊन आवाज शांत केला, तर शोधाची खोली किंचित घटते आणि लक्ष टिकून राहते. हा सौदा माझ्या मते नेहमीच फायद्याचा आहे. जमिनीचा स्वभावही लक्षात घ्यावा लागतो. कोकण-गोव्यातील जांभा दगडाची तांबडी माती किंवा बेसाल्टपासून झालेली दख्खनची काळी जमीन यांत लोहखनिजे असल्याने यंत्र उगाच बोलू लागते. यासाठी ‘भूसंतुलन’ करतात : धातू नसलेल्या जागी चकती वीतभर वर-खाली हलवीत राहायचे आणि आवाज दोन्हीकडे सारखा येईपर्यंत बटण जुळवायचे. जमीन पालटली की हे पुन्हा करावे लागते.

आपल्या देशात अशा यंत्राने गुप्तधन शोधू पाहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १८७८ च्या निखात-निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याची पुरलेली वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. संरक्षित पुरातन स्थळी परवानगीवाचून उत्खनन करण्यास तर कायद्याची बंदीच आहे.

राहिला घरगुती फेरफारांचा प्रश्न. खोबणीला अस्तर, मुठीला गुंडाळलेली कापडी पट्टी, खांद्यावरून जाणारा आधाराचा पट्टा हे सारे निर्धोक आहे. सुरुंग काढण्याच्या कामात मात्र स्वतःच्या कल्पनेने केलेला कोणताही बदल वर्ज्य मानावा; तेथे यंत्र दररोज नमुन्याच्या तुकड्यावर तपासूनच वापरायचे असते. इतरांनीही चकतीच्या आसपास लोखंडी स्क्रू, तारेची गुंडाळी किंवा पत्र्याची पट्टी लावू नये. तेथील खिळे नायलॉनचेच हवेत. चकतीची केबल दांड्याभोवती घट्ट गुंडाळावी, कारण ती लोंबकळत राहिली तर तिच्या हालचालीनेच खोटे इशारे येतात. ती कापून आखूड करण्याचा किंवा जोड देऊन लांबवण्याचा मोह टाळावा. तिच्या लांबीचा परिणाम परिपथाच्या जुळणीवर होतो. पोलादी टोप्यांचे बूट आणि झोक्याच्या कक्षेत येणारे मनगटी घड्याळ यांचाही संशय घ्यावा. प्रत्येक दुरुस्तीनंतर चकती जमिनीपासून दूर हवेत धरून नेहमीच्या वेगाने दहा-बारा झोके द्यावेत. समोर काही नसताना यंत्र बोलले, तर गारफील्ड यांच्या गादीखालची जाळी या वेळी आपणच कोठेतरी बसवली आहे असे समजून दुरुस्ती उलगडावी आणि पहिल्यापासून तपासावी.