लॅपटॉपच्या ‘बायोस’मधील दडवलेले पर्याय : कुलूप कशाचे आणि ते उघडताना धोका कोणता?

लॅपटॉप सुरू होताना ‘एफ-२’ किंवा ‘डिलीट’ कळ दाबली की ‘बायोस’चा पडदा उघडतो. तेथे तारीख, पासवर्ड, बूट क्रम असे मोजकेच पर्याय दिसतात. प्रोसेसरचे व्होल्टेज, मेमरीची गती यांसारखे असंख्य पर्याय मात्र त्याच फर्मवेअरमध्ये असूनही नजरेआड ठेवलेले असतात.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधी यंत्राला जागे करणारे फर्मवेअर मदरबोर्डवरील फ्लॅश चिपमध्ये साठवलेले असते. त्याचे ‘बायोस’ हे नाव आजही रूढ असले, तरी सध्याच्या लॅपटॉपमध्ये ‘यूईएफआय’ ही प्रणाली असते. तिचा मूळ आराखडा लॅपटॉप कंपन्या बहुधा अमेरिकन मेगाट्रेंड्स, इनसाइड किंवा फिनिक्स यांच्याकडून घेतात. एकच आराखडा अनेक मॉडेलांसाठी वापरला जात असल्याने नको असलेले पर्याय काढून टाकण्याऐवजी अनेकदा केवळ लपवले जातात.

लपवलेले आणि बंद केलेले

येथे दोन गोष्टींत फरक करायला हवा. काही पर्याय फक्त यादीत दिसत नाहीत. एमएसआयच्या काही लॅपटॉपमध्ये बायोस उघडल्यानंतर उजवीकडील कंट्रोल व शिफ्ट, डावीकडील ऑल्ट आणि ‘एफ-२’ या कळा एकत्र दाबल्यास ते दिसू लागतात. काही पर्याय मात्र खरोखर बंद असतात. यंत्र सुरू होतानाच फर्मवेअर प्रोसेसरला कुलूप घालते आणि पुढे कोणतेही सॉफ्टवेअर तो बदल करू शकत नाही.

अशा कुलपामागे सुरक्षेचे कारण असू शकते. डिसेंबर २०१९ मध्ये ‘प्लंडरव्होल्ट’ ही त्रुटी उघड झाली. व्होल्टेज कमी करून इंटेल प्रोसेसरच्या सुरक्षित कक्षातील गणनेत चुका घडवता येतात आणि त्यातून गोपनीय माहिती मिळवता येते, हे संशोधकांनी दाखवून दिले. त्यानंतर बायोस अद्ययावत करताना अनेक लॅपटॉपमधील व्होल्टेज बदलण्याची सोय बंद झाली. उष्णता कमी करण्यासाठी ती वापरणाऱ्यांची मात्र अडचण झाली.

चूक महागात

दडवलेले पर्याय बदलण्याचा दुसरा मार्ग म्हणजे फर्मवेअरच्या प्रतीतून त्या पर्यायाचा पत्ता शोधून तेथे थेट नवे मूल्य लिहिणे. बायोसची आवृत्ती बदलली की हा पत्ताही बदलू शकतो. त्यामुळे दुसऱ्याच मॉडेलसाठीची कृती वापरल्यास भलताच पर्याय बदलतो. अनेक लॅपटॉपमध्ये हे मूल्य फ्लॅश चिपमध्येच राहत असल्याने बॅटरी काढूनही ते पूर्ववत होत नाही. यंत्र सुरूच झाले नाही, तर बाह्य प्रोग्रामर जोडून चिप नव्याने लिहावी लागते.

डिसेंबर २०१७ मध्ये उबुंटू १७.१० मधील एका ड्रायव्हरमुळे लेनोवोच्या काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये बदल साठवणेच अशक्य झाले होते आणि ही आवृत्ती डाउनलोडसाठी तात्पुरती मागे घ्यावी लागली होती.

म्हणून आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत घ्यावी. ‘बिटलॉकर’ सुरू असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवावी, कारण फर्मवेअर बदलताच ती मागितली जाऊ शकते. मूळ मूल्यांची नोंद ठेवून एका वेळी एकच पर्याय बदलावा. कार्यालयाच्या मालकीच्या लॅपटॉपमध्ये मात्र संस्थेच्या परवानगीशिवाय असे बदल करू नयेत.