परमुलखातील वैमानिकी : लेखांक पाचवा
तास किती आणि तास कोणते

गेल्या लेखांकात हेलिकॉप्टरच्या व्यापारी परवान्यापर्यंतची वाट आपण पाहिली. तो परवाना पदरी पडूनही ज्याला स्वदेशात जागा मिळत नाही, असा आमच्या दहिसरकडचा तरुण साहजिकच असा तर्क करतो की, जगाच्या ज्या दुर्गम कोपऱ्यात जावयास इतर वैमानिक नाखूश असतील, तेथे तरी आपल्यासारख्या नवख्याला दरवाजा उघडा असेल. हा तर्क वरकरणी सयुक्तिक वाटला तरी वस्तुस्थिती याच्या विरुद्ध आहे. ती तशी का, हे उलगडणे हा आजच्या लेखांकाचा हेतू.

पापुआ न्यू गिनीचे उदाहरण घेऊ. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस असलेला हा देश १६ सप्टेंबर १९७५ रोजी स्वतंत्र झाला. त्याची राजधानी पोर्ट मोर्सबी अद्यापही डोंगराळ अंतर्भागाशी रस्त्याने जोडलेली नाही, माउंट विल्हेल्म हे त्याचे सर्वोच्च शिखर ४,५०९ मीटर उंच आहे, आणि दऱ्याखोऱ्यांनी परस्परांपासून तोडलेल्या त्याच्या वस्त्यांत आठशेहून अधिक भाषा बोलल्या जातात. अशा मुलखात खनिजाचा वा तेलाचा शोध घ्यावयाचा, तर जमिनीत भोक पाडणाऱ्या यंत्राचे सुटे भाग, इंधनाची पिंपे आणि माणसे यांची ने-आण गोरोका किंवा माउंट हेगन यांसारख्या ठाण्यांवरून हेलिकॉप्टरनेच करणे भाग पडते. भार पुष्कळदा लांब दोराने खाली टांगलेला असतो आणि वैमानिक, बहुधा एकटाच, बाजूने खाली वाकून त्या भारावर दृष्टी खिळवीत, जंगल तोडून केलेल्या इवल्याशा मोकळ्या जागेत तो अलगद उतरवितो. उंचीवरील विरळ आणि उष्ण हवेत पात्यांची उचल घटते, दिवस चढतो तसे ढग जमून खिंडी बुजतात, आणि सल्ला द्यावयास शेजारी वडीलधारा कॅप्टन नसतो. जेथे चूक सुधारण्यास अवकाश नाही, तेथे नवख्याला कामावर घेऊन शिकविणे कोणत्याही मालकास परवडत नाही. म्हणून अशा जागांसाठी सहसा हजाराहून अधिक तासांची, तीही डोंगरी उड्डाणांची, अट घातली जाते.

याउलट आपल्या दाराशी असलेला अनुभव कोणत्या जातीचा आहे, हे पाहू. विमानपत्तन प्राधिकरण हे नाव दहिसरकरांना ठाऊक झाले ते त्याच्या येथील रेडिओ केंद्रापायी इमारतींच्या उंचीवर आलेल्या निर्बंधांमुळे. परंतु लोकलच्या पाऊण तासाच्या अंतरावरील जुहूचा विमानतळ, जेथे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले, तो आज देशातील हेलिकॉप्टर-वाहतुकीचे एक प्रमुख ठाणे आहे. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवरील बॉम्बे हायच्या तेलक्षेत्राकडे येथून कर्मचारी जातात, आणि १९८५ मध्ये स्थापन झालेल्या पवन हंस कंपनीच्या कामाचा तो पहिल्यापासूनच कणा राहिला. येथे यंत्राला दोन इंजिने, पुढे दोन वैमानिक, खाली समुद्र आणि उतरावयास फलाटावरचे आखीव वर्तुळ. हे काम सोपे मुळीच नव्हे. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूजवळच्या समुद्रात झालेल्या अपघातात सात जीव गेले, हे आपण विसरलेलो नाही. पण या तासांना खरा भाव मिळतो तो आखाती देशांत व इतर सागरी तेलक्षेत्रांत. गोरोकाच्या डोंगरात त्यांचे मोल उणे भरते.

तेथे अधिक उपयोगी पडेल असा अनुभव नाशिक रोडच्या लष्करी वैमानिकी प्रशाळेतून निघून सियाचीनवर चीता हेलिकॉप्टर चालविलेल्या अधिकाऱ्यांपाशी असतो. चीता हा मूळच्या फ्रेंच लामाचाच भारतीय अवतार. त्याच लामातून जाँ बूले यांनी १९७२ मध्ये १२,४४२ मीटरची उंची गाठली होती.

अनुभव जुळला तरी कागदपत्रांचा मुलाहिजा उरतोच. १९४४ च्या शिकागो करारान्वये, विमान ज्या राष्ट्राच्या दप्तरी नोंदलेले असेल, त्या राष्ट्राने दिलेला किंवा ग्राह्य ठरविलेला परवाना वैमानिकाजवळ असावा लागतो. सबब भारतीय परवान्याला तेथील खात्याची मान्यता घ्यावी लागते, आणि त्यासाठी आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून परवान्याची खातरजमा केली जाते. प्रथम श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि इंग्रजी संभाषणाची किमान चौथी पायरी, हे दोन दस्तऐवज आधीच अद्ययावत ठेवावेत.

राहता राहिला मध्यस्थ. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरभरती करणारा एजंट सरकारदरबारी नोंदलेला असावा लागतो, आणि त्याला उमेदवाराकडून तीस हजार रुपये व त्यावरील कर याहून अधिक सेवाशुल्क घेण्याची मुभा नाही. नेमणुकीपूर्वीच लाखांची अनामत मागणाऱ्याशी बोलणेच खुंटवावे.

नवपरवानाधारकाने दुर्गम देशाची दरखास्त तूर्त बाजूस ठेवून, स्वदेशात वा परदेशात, पगार उणा असला तरी जेथे तास आणि मार्गदर्शक दोन्ही मिळतील, अशी जागा धरावी. आणि अर्ज लिहिण्यापूर्वी आपल्या लॉगबुकातील तासांची समुद्र, डोंगर व टांगता भार अशी फोड करून पाहावी. मालकही प्रथम तीच पाहतो. करारनाम्यातील विमा, रजा आणि परतीच्या भाड्याची कलमे पुढील लेखांकी.