वर्गात बाई, कोर्टात धर्मसेवक

‘आमची सून कॉन्व्हेंटमध्ये शिकवते,’ हे सांगताना सासूबाईंच्या आवाजात कौतुक असतं. शिस्तीची शाळा, कडक इस्त्रीचे युनिफॉर्म, वेळेवर घंटा. तिथल्या टीचरला मात्र एक गोष्ट पक्की ठाऊक असते. फळा आपला, पण शाळा फादर-सिस्टरांची. एरवी हे खटकत नाही. पण उद्या टीचर आजारी पडली, किंवा तिचं वय झालं, तर?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या दोन शिक्षिकांवर ही वेळ आली. क्रिस्टन बील टॉरन्समधल्या सेंट जेम्स शाळेत पाचवीच्या मुलांना शिकवायच्या. २०१४ मध्ये त्यांना स्तनाचा कॅन्सर झाल्याचं कळलं. ऑपरेशन आणि केमोथेरपीसाठी रजा लागेल, असं त्यांनी शाळेला सांगितलं. पुढच्या वर्षासाठी त्यांचा करार झालाच नाही. वर्गावर पकड नाही, हे शाळेचं कारण. आजारपणामुळे काढलं, हे बील यांचं म्हणणं. दुसऱ्या ॲग्नेस मॉरिसी-बेरू. हर्मोसा बीचच्या कॅथलिक शाळेने २०१५ मध्ये त्यांची नोकरी संपवली. नवा वाचन-लेखनाचा कार्यक्रम त्यांना जमला नाही, असं शाळा म्हणाली. वयामुळे काढलं, असं त्या म्हणाल्या.

खरं कोणाचं? ते कधी तपासलंच गेलं नाही! कारण शाळांचा मुद्दा वेगळाच होता. या शिक्षिका धर्माचा तास घेतात, मुलांबरोबर प्रार्थना करतात. म्हणजे त्या धर्मसेवक. आणि धर्मसेवक कोणाला ठेवायचं, हे सरकार किंवा कोर्ट ठरवू शकत नाही. ८ जुलै २०२० रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी हे मान्य केलं. भेदभावाविरुद्धचे कायदे या दोघींच्या उपयोगी पडले नाहीत. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती होत्या सोनिया सोटोमायोर आणि रूथ गिन्सबर्ग, दोघीही स्त्रिया. या शिक्षिका प्रामुख्याने धर्मेतर विषयच शिकवत होत्या, याकडे त्यांनी लक्ष वेधलं. बील निकाल ऐकायला नव्हत्या. २०१९ मध्येच त्या गेल्या. पुढची लढाई त्यांच्या पतीने चालवली.

चर्चची बाजूही समजून घ्यायला हवी. आपला धर्म मुलांना कोणी सांगायचा, हे सरकारने ठरवू लागावं, असं कोणत्याच समाजाला रुचणार नाही. पण कॅन्सरच्या रजेचा धर्माशी काय संबंध? शिकवण्यातल्या उणिवा धर्मगुरूंनी मोजायच्या, आणि त्यावर दाद मागायला जागाच नाही, मग बाईंनी कोणाच्या भरवशावर शिकवायचं?

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना शाळा चालवण्याचा हक्क दिला. पण १९८६ च्या फ्रँक अँथनी पब्लिक स्कूल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की शिक्षकांचे पगार आणि सेवाशर्ती ठरवल्याने तो हक्क बुडत नाही. महाराष्ट्रात १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती कायदा आहे. अल्पसंख्याक शाळेला मुख्याध्यापक स्वतःच्या पसंतीने नेमता येतो. मात्र कायम शिक्षिकेला चौकशीशिवाय काढता येत नाही आणि ३० दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं.

तेव्हा मैत्रिणींनो, शाळा कॉन्व्हेंटची असो की पाटलांच्या संस्थेची, नेमणुकीचं पत्र हातात घ्या. रजेचा अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच जपून ठेवा. कोऱ्या कागदावर सही नको. ‘सिस्टर आपल्याच आहेत, कागद कशाला?’ असं मनात येईल. नातं असू द्यावं, मायाही असावी. पण कपाटात एक फाईलही असावी!