उघडलेली ट्यूब दिवाळीपर्यंत चालेल का?

घरातली रसायनं : लेखांक ११

लग्नसराई आटोपली की नांदेड-लातूरकडच्या पार्लरांत फळीवर एक रांग उरते. अर्ध्या दाबलेल्या स्ट्रेटनिंग क्रीमच्या ट्यूबा आणि शेजारी न्यूट्रलायझरच्या बाटल्या. पुढचं गिऱ्हाईक थेट दिवाळीला. वजिराबादेतल्या एका पार्लरवाल्या ताईंनी मला विचारलं, "हे तोवर चालंल का हो?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच निकाल दिला, "डब्यावर तर अजून दीड वर्षाची तारीख हाय की!"

तारीख खरी, पण ती सील न फोडलेल्या ट्यूबची. ट्यूब उघडली की हिशेब नव्यानं सुरू होतो आणि तो कुणी छापून देत नाही. युरोपातून आलेल्या मालावर झाकण उघड्या डबीचं बारीकसं चित्र असतं, त्यात ६ किंवा १२ आकडा. उघडल्यापासून तितके महिने, असा त्याचा अर्थ. आपल्याकडच्या ट्यूबवर ते दिसेलच असं नाही. म्हणून पहिलं काम : उघडल्या दिवशीच मार्करनं ट्यूबवर तारीख टाकायची.

आता आत काय घडतं ते पाहू. केसातल्या केराटिनच्या साखळ्या गंधकाच्या पुलांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. क्रीममधलं थायोग्लायकोलेट हे पूल तोडतं. केस सरळ करून झाले की न्यूट्रलायझर ते पूल नव्या जागी पुन्हा जोडतं. त्यासाठी त्यात बहुधा हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. थायोग्लायकोलेटला हवेतला ऑक्सिजन मारतो. ट्यूबमध्ये जितकी हवा, तितकं क्रीम लवकर दमतं. त्यातला अमोनियाही सैल झाकणातून उडून जातो. वासावर मात्र विसंबू नका. या क्रीमला कुजक्या अंड्यासारखा वास पहिल्या दिवसापासूनच असतो. नाकाला झोंबणारा अमोनिया कमी झालाय का, पाणी वेगळं सुटलंय का, रंग बदललाय का, हे बघायचं. लोखंडाचा गंज लागला तर हे क्रीम जांभळट पडतं, म्हणून प्लास्टिकची वाटी आणि प्लास्टिकचाच ब्रश. वाटीत काढलेलं क्रीम पुन्हा ट्यूबमध्ये भरू नका.

क्रीम दमलं तर केस फार तर सरळ होणार नाहीत, एवढंच नुकसान, असं पुष्कळांना वाटतं. ते चूक आहे. काम होत नाही म्हणून क्रीम जास्त वेळ ठेवलं जातं आणि डोक्याची कातडी भाजते. त्याहून वाईट म्हणजे दमलेलं न्यूट्रलायझर. पूल तुटलेले, पण जोडणारं कुणी नाही! चार दिवसांनी केस कंगव्यात येऊ लागतात आणि दोष जातो क्रीमच्या नावावर. पेरॉक्साइड आपोआप फुटून पाणी आणि ऑक्सिजन होत राहतं. बाटलीचं पोट फुगलेलं दिसलं, झाकण उघडताना फुस्स आवाज आला, की ती बाटली बाद.

या सगळ्याला उन्हाळा हातभार लावतो. तापमान १० अंशांनी वाढलं की अशा विघटनाचा वेग साधारण दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रातला ढोबळ ठोकताळा आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त. म्हणून उन्हाकडची भिंत नको, माळा नको. जमिनीलगतचं, अंधारं, कोरडं कपाट बरं. फ्रिजही नको, गोठलं तर क्रीम फाटतं आणि दुधाशेजारी असली बाटली ठेवणं धोक्याचंच. लातूरच्या गंजगोलाईत खरेदीला गेलात तर दुकानाच्या काचेत ऊन खात बसलेला डबा, कितीही सूट असली तरी, घेऊ नका.

पाण्याचंही बघायला हवं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. ते दिवस पाहिलेल्यांना पाणी जपून वापरायची सवयच लागली आहे. पण हे क्रीम धुताना काटकसर चालत नाही. टाकीत पाणी नसेल त्या दिवशी ट्यूब उघडूच नये.

परदेशात ज्यांना रिलॅक्सर म्हणतात, त्या केस सरळ करायच्या क्रीमांची रीत वेगळी. सोडियम हायड्रॉक्साइडची डबी घट्ट बंद ठेवली तर काही महिने टिकते. कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या क्रीममध्ये द्रव मिसळून करायचा प्रकार मात्र एकदा कालवला की २४ तासांत संपवायचा.

ताईंना मी सांगितलं ते असं : वैशाखात उघडलेली ट्यूब दिवाळीला वापरू नका, आणि न्यूट्रलायझर तर प्रत्येक गिऱ्हाइकाला नव्या बाटलीतलंच घ्या. उरलेलं फेकताना क्रीम आणि न्यूट्रलायझर एकाच बाटलीत ओतून झाकण लावू नका. दोन्ही एकमेकांत मिसळून तापतात आणि बाटली फुटू शकते.