सुईवर राहिलेला स्वेटर

दिवाळीच्या साफसफाईत ट्रंकेच्या तळाशी ती पिशवी पुन्हा हाताला लागली. दर वर्षी लागते. मी ती उघडते, "यंदा नक्की" म्हणते आणि डांबराच्या दोन गोळ्या टाकून परत ठेवून देते. मैत्रिणींनो, बचत गटाच्या बैठकीत "हाती घेतलेलं काम तडीस न्या" असं सगळ्यांना सांगणारी ती मीच बरं का!

पिशवीत अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, अर्धवट स्वेटर. २००० सालच्या हिवाळ्यात टाके घातले होते. मी तेव्हा टी.वाय.ला. अण्णा इथल्या कृषी विद्यापीठात प्रक्षेत्रावर नोकरीला. पहाटे सायकलवर निघायचे आणि मुळा धरणाच्या अंगाने येणारा वारा मफलरला थोडाच जुमानतो! विणायला मला आजीनं शिकवलं, आणि ती शिकली १९६२ साली. चीनचं युद्ध झालं तेव्हा जवानांसाठी देशभर बायका स्वेटर विणत होत्या, त्यातली ती एक.

मागचा भाग झाला, पुढचा काखेपर्यंत आला आणि मे महिन्यात लग्न ठरलं. स्वेटर सुयांसकट सासरी आला. मग मुलं, सासूबाईंचं दुखणं, गटाची कामं. कारणं सगळी खरी. अण्णांनी मात्र एकदाही विचारलं नाही. तेच जास्त लागायचं.

मध्यंतरी वाचनात आलं, अमेरिकेत दोन मैत्रिणींनी २०२२ साली 'लूज एंड्स' नावाचं काम सुरू केलंय. माणूस जातो, त्याचं विणकाम अर्धं राहतं. ते स्वयंसेवक पूर्ण करून घरच्यांना देतात. वाचलं आणि पोटात गोळा आला. इथे विणणारी धडधाकट आहे, आणि ज्यांच्यासाठी विणायचं ते अण्णाही आहेत. सत्त्याहत्तर वर्षांचे.

बसले विणायला. दोन बोटं विणलं आणि लक्षात आलं, माझा हात बदललाय. तेव्हाचे टाके घट्ट, आताचे सैल. सुई तीच, पण जोड लांबूनही ओळखू येत होता. त्यात दहा गुंड्यांपैकी दोन कसरीनं खाल्लेले. नगरला तीन दुकानं पालथी घातली, तो मोरपंखी रंग काही मिळाला नाही.

म्हटलं, आधी माप तरी पाहू. टेप घेऊन अण्णांपुढे उभं राहायचा धीर होईना. "इस्त्रीला नेते" म्हणून त्यांचा एक शर्ट उचलून आणला. स्वेटर चाळीस छातीचा घातला होता. शर्टावर टेप लावला, छत्तीसच्या हिशेबाचा निघाला. पुन्हा लावून पाहिला. तेवढाच.

मग मी सगळा स्वेटर उसवला. उसवलेली लोकर कुरळी होते, तशीच विणली तर वीण उंचसखल येते. म्हणून खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लड्या केल्या, कोमट पाण्यात न चोळता बुडवल्या आणि सावलीत टांगल्या. दोन दिवसांत लोकर सरळ झाली. मागच्या भागाला पूर्वी एकशे बारा टाके होते, आता शंभर घातले. दुपारची झाकपाक झाली की बसायचे. टीव्हीवरची मालिका नुसती कानानं ऐकायची.

लोकर कमी पडणार अशी धास्ती होती. ती पुरली. अर्धा गुंडा उरलासुद्धा. आनंद व्हायला हवा होता, पण तो गुंडा हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले.

जानेवारीत एका रविवारी घेऊन गेले. अण्णांनी अंगात घातला, बाह्या खाली ओढून पाहिल्या.

"तेव्हाच्याच मापाचा का गं?"

"हो अण्णा."

"बघ, बरोबर बसला," असं म्हणून ते तसेच ओट्यावर उन्हात जाऊन बसले. शेजारचे आप्पा दिसल्यावर हाक मारून म्हणाले, "पोरीनं कॉलेजात असताना घातलाय हा!"

आई चहाचं आधण ठेवता ठेवता माझ्याकडे बघत होती. तिनं काही विचारलं नाही. उरलेला अर्धा गुंडा मी तिच्याकडेच ठेवून आले. कोपर झिजलं तर लागेल.