शब्दकोड्यातील ‘निर्वहण’

मराठी शब्दकोड्याच्या एका घरात एक अक्षर बसते. जोडाक्षरासही एकच घर पुरते. त्यामुळे ‘नाट्यशास्त्रातील एक संधी, चार अक्षरी’ असे सूत्र पुढे आले असता पाच संधींपैकी मुख आणि गर्भ आपोआप गळतात, आणि प्रतिमुख, अवमर्श व निर्वहण हे तीन पर्याय उरतात. (चौथ्या संधीला ‘विमर्श’ म्हणणाऱ्याची तीनच घरे भरतात.) आडव्या ओळीच्या तिसऱ्या घरात उभ्या शब्दातून ‘ह’ आला की प्रश्न मिटतो.

येलदरी येथे सुट्टीत एम. ए.च्या काही विद्यार्थ्यांसमवेत कोडे सोडवीत असता खरी अडचण निराळ्याच सूत्राने निर्माण केली : ‘नाट्यकथानकाची उकल’, चार अक्षरी. ‘निर्वहण’ हे उत्तर घरांत चपखल बसले. परंतु ही दोन पदे समानार्थी मानावीत काय? वर्गात आपणही ती तशीच सांगून मोकळे होतो.

‘उकल’मागे ॲरिस्टॉटलची गाठ बांधण्याची व सोडविण्याची कल्पना आहे. भरताच्या निर्वहणात मात्र मुखादी संधींतून विखुरलेले अर्थ बीजासह एकत्र आणले जातात. त्याच्या चौदा अंगांपैकी एकाचे नाव ‘ग्रथन’ आहे, हे पुरेसे बोलके आहे. ‘शाकुंतला’च्या सहाव्या अंकाच्या आरंभी अंगठी सापडते, राजाला स्मरण होते, त्याच्यापुरती उकल तेथेच झाली. शकुंतलेला दुर्वासाच्या शापाची वार्ता कळते ती सातव्या अंकात, मारीचाच्या आश्रमात. पुत्र, पती, शाप आणि अंगठी तेथे प्रथमच एकत्र येतात. म्हणून निर्वहण सातव्या अंकातच. मातलीचा दिव्य रथ तेथे खटकत नाही, कारण निर्वहणात अद्भुत रस असावा असेच भरत सांगतो; कथानकाची सोडवणूक यंत्रातून उतरलेल्या देवावर सोपविणे ॲरिस्टॉटलला मात्र मान्य नव्हते.

मराठी रंगभूमीच्या इतिहासात या भेदाचा एक विलक्षण दाखला आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाला, तो पहिल्या चार अंकांचा. शकुंतला सासरी निघाली आणि पडदा पडला. प्रेक्षकांना त्या रात्री उकलही मिळाली नाही आणि निर्वहणही. तरीही संगीत नाटकाचा प्रारंभ आपण त्या प्रयोगापासूनच मानतो.

कोड्यात आम्ही ‘निर्वहण’च लिहिले. सूत्र मात्र एका विद्यार्थिनीने समासात पेन्सिलीने बदलले : ‘विखुरलेल्या अर्थांची जुळणी’.