रिकाम्या यंत्रांची विज्ञानसेवा

घरांत टेबलावर ठेवलेला संगणक दिवसांतील बहुतेक वेळ रिकामाच असतो. कोणी त्यावर पत्र लिहीत असला, हिशेब मांडीत असला किंवा वर्तमानपत्र वाचीत असला, तरी दोन अक्षरें उमटण्याच्या दरम्यान त्या यंत्राला करण्यासारखें फार थोडें उरतें. एका सेकंदांत कोट्यवधि बेरजा व गुणाकार करण्याची ज्याची शक्ति, त्याच्याकडून कारकुनी कामाचा अल्पसा भाग घेतला जातो. बाकीची शक्ति तशीच पडून राहते. उलटपक्षीं शास्त्रज्ञांपुढें असे कित्येक प्रश्न आहेत, कीं त्यांचें गणित एका यंत्रावर करूं म्हटलें तर आयुष्य पुरावयाचें नाहीं, आणि त्यासाठीं प्रचंड यंत्र विकत घेऊं म्हटलें तर संस्थेची तिजोरी पुरावयाची नाहीं. या दोन गोष्टींची गांठ घालून देणारी एक युक्ति गेल्या तीस वर्षांत रूढ झाली आहे. यंत्राचा धनी आपल्या यंत्राचा मोकळा वेळ विज्ञानाला देतो. इंटरनेटच्या द्वारें कामाचा एक तुकडा त्याच्या घरीं येतो, आणि सुटल्यावर उत्तर परत जातें. या पद्धतीला स्वेच्छा-संगणन असें म्हणतां येईल.

मात्र वाटेल तें काम अशा रीतीनें वांटून देतां येत नाहीं. शेतांतील खुरपणी शंभर माणसें शंभर सऱ्या धरून एकाच वेळीं करूं शकतात. एकाला दुसऱ्याकडे पाहण्याचेंहि कारण पडत नाहीं. विहीर खणतांना मात्र चार माणसांहून अधिक आंत मावत नाहींत, आणि वरचा थर निघाल्यावांचून खालच्या थराला हात लागत नाहीं. गणितांतहि हे दोन प्रकार आहेत. उद्यांच्या हवामानाचें अनुमान करतांना एका प्रदेशाचें गणित शेजारच्या प्रदेशाच्या गणितावर क्षणोक्षणीं अवलंबून असतें. म्हणून तें एका जागीं असलेल्या महासंगणकावरच करावें लागतें. घरोघर धाडावयाचें तें खुरपणीच्या जातीचें काम होय.

अशा वांटणीचें एक जुनें व अद्याप चालू असलेलें उदाहरण शुद्ध गणितांतील आहे. दोनाचा पांचवा घात बत्तीस. त्यांतून एक वजा केला कीं ३१ ही मूळ संख्या मिळते. सातव्या घातापासून १२७ ही मूळ संख्या मिळते. परंतु अकराव्या घातापासून मिळणारी २०४७ ही संख्या २३ व ८९ यांचा गुणाकार निघते. या प्रकारच्या मूळ संख्या सतराव्या शतकांतील मेर्सेन नामक फ्रेंच धर्मोपदेशकाच्या नांवानें ओळखल्या जातात. जॉर्ज वोल्टमन या अमेरिकन गृहस्थांनीं १९९६ च्या जानेवारींत त्यांच्या शोधासाठीं एक योजना काढली, व प्रत्येक स्वयंसेवकाला तपासण्यासाठीं निराळा घातांक देण्याची व्यवस्था केली. ऑक्टोबर २०२४ पर्यंत या योजनेंतून अठरा मेर्सेन मूळ संख्या हातीं आल्या. त्यांतील अखेरची संख्या लिहून काढावयाची तर ४,१०,२४,३२० अंक लिहावे लागतील.

जनसामान्यांना या युक्तीची ओळख झाली ती १७ मे १९९९ रोजीं सुरू झालेल्या ‘सेटी ॲट होम’ या योजनेमुळें. पृथ्वीबाहेर कोणी बुद्धिमान प्राणी असून ते रेडिओलहरींचा उपयोग करीत असले, तर त्यांची चाहूल लागावी, असा तिचा हेतु होता. पोर्तो रिको बेटावर अरेसिबो येथें ३०५ मीटर व्यासाची रेडिओ-दुर्बीण होती. तिनें टिपलेल्या लहरींच्या फिती टपालानें कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रयोगशाळेंत येत. तेथें त्यांचे सुमारें १०७ सेकंदांचे तुकडे पाडून ते स्वयंसेवकांना पाठविले जात. रेडिओचा कांटा फिरवितांना खरखरींतून एखादें केंद्र लागतें काय, हें श्रोता जसें कान देऊन ऐकतो, तसेंच हें काम होतें. फरक एवढाच, कीं पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरत असल्यामुळें आकाशांतून येणारा सूर हळूहळू सरकत जातो. तो किती सरकेल हें आधीं ठाऊक नसल्यामुळें हजारों प्रकारें कांटा लावून पाहावा लागतो. गणिताचा खरा भार पडत होता तो या ठिकाणीं.

पन्नास लाखांहून अधिक लोकांनीं या कामाला हात लावला. येथें एक शंका साहजिकच उत्पन्न होते. ज्याचें नांवगांव कोणाला ठाऊक नाहीं, अशा मनुष्याच्या यंत्रानें धाडलेल्या उत्तरावर विश्वास कसा ठेवावा? यंत्र तापून चुकलें असेल. किंवा केलेल्या कामाबद्दल जे गुण नोंदले जातात त्यांच्या हव्यासानें कोणी बनावट उत्तरहि धाडलें असेल. असे प्रकार घडलेहि. त्यावर उपाय म्हणून एकच तुकडा परस्परांना अनोळखी अशा दोन यंत्रांकडे पाठवितात. दोन्हीं उत्तरें जुळलीं तर तीं स्वीकारावयाचीं. न जुळल्यास तिसऱ्याकडे तोच तुकडा धाडावयाचा. बर्कली येथील डेव्हिड अँडरसन यांनीं २००२ पासून ‘बॉइंक’ नांवाची जी सर्वसाधारण व्यवस्था उभारली, तींत या पडताळ्याची सोय आहे. अशा रीतीनें एकंदर कष्टांचा मोठा भाग केवळ खात्री करून घेण्यांत जातो. तो वायां जातो असें मात्र कोणी समजूं नये. दात्याच्या भलेपणावर शंका नसली तरी उत्तराची परीक्षा झालीच पाहिजे, हा विज्ञानाचा दंडक आहे.

जीवशास्त्रांत हीच पद्धति २००० च्या ऑक्टोबरांत आली. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत विजय पांडे यांनीं ‘फोल्डिंग ॲट होम’ ही योजना काढली. शरीरांतील प्रथिनें म्हणजे वीस प्रकारच्या मण्यांच्या लांबच लांब माळा होत. त्यांना विशिष्ट घडी पडली म्हणजेच त्या आपलें काम करूं लागतात. चुकीची घडी पडण्याचा संबंध अल्झायमरसारख्या रोगांशीं लावला जातो. एका घडीचा सारा प्रवास एका सरळ रेषेंत मोजणें हें विहिरीचें काम आहे. परंतु प्रवासाचे अनेक लहान लहान टप्पे निरनिराळ्या यंत्रांवर मोजून मागाहून त्यांचा मेळ घातला, म्हणजे त्याच विहिरीची खुरपणी होते. २०२० च्या मार्चमध्यें कोविडची साथ पसरली, तेव्हां लाखों लोकांनीं आपलीं यंत्रें या कामाला जोडलीं. त्या सर्वांचा एकत्रित वेग सेकंदाला एकावर अठरा शून्यें इतक्या क्रियांच्या पलीकडे गेला. जगांतील कोणत्याहि एका महासंगणकाचा वेग त्या वेळीं एवढा नव्हता. विषाणूच्या कांट्यासारख्या प्रथिनाची उघडझाप कशी होते, याचें चित्र या गणितांतून मिळालें. प्रथिनाचा अखेरचा आकार ओळखण्याच्या कामीं आतां कृत्रिम बुद्धिमत्तेनें मोठी मजल मारली आहे. पण त्या आकाराची हालचाल मोजण्याचें काम संपलेलें नाहीं.

खगोलशास्त्रांत ‘आइन्स्टाइन ॲट होम’ ही योजना २००५ च्या फेब्रुवारींत निघाली. वेगानें फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांपासून अखंड येणाऱ्या गुरुत्वलहरींचा लायगो यंत्रांच्या नोंदींत शोध घेणें, हें तिचें मुख्य काम. महाराष्ट्रांतील हिंगोली जिल्ह्यांत ज्या वेधशाळेला भारत सरकारनें २०२३ सालीं मान्यता दिली, ती याच जातीची आहे. त्या अखंड लहरी अद्याप सांपडलेल्या नाहींत. परंतु अरेसिबोच्या नोंदीहि याच योजनेंतून तपासल्या जात असतां, सेकंदाला सुमारें ४१ वेळां फिरणारा एक नवा स्पंदतारा आढळला, आणि ऑगस्ट २०१० मध्यें तो शोध प्रसिद्ध झाला. त्याची खूण अमेरिकेंतील एक दांपत्य व जर्मनींतील एक गृहस्थ यांच्या यंत्रांवर उमटली होती, व शोधाचें श्रेय त्यांना देण्यांत आलें.

हें दान फुकट होतें, अशी समजूत असेल तर ती सोडली पाहिजे. हल्लींचा संगणक रिकामा असतांना वीज कमी घेतो आणि गणिताला जुंपला म्हणजे पुष्कळच अधिक घेतो. ही वाढ शंभर वॅट धरली व यंत्र रोज दहा तास चाललें, तर दिवसाला एक युनिट व महिन्याला तीस युनिट वीज जास्त जळते. मांडीवर ठेवण्याचा लहान संगणक अशा कामानें तापतो. त्याची शक्ति मर्यादेंतच वापरावी. दहा वर्षांपूर्वींचें यंत्र तितक्याच विजेंत नव्याच्या मानानें फार थोडें काम करतें. तेव्हां जुनें यंत्र केवळ दानासाठीं रात्रभर चालू ठेवण्यांत विशेष अर्थ नाहीं. कचेरीचें किंवा शाळेचें यंत्र चालकांच्या परवानगीवांचून जोडूं नये. कारण तेथील वीज व यंत्र दुसऱ्याच्या मालकीचें असतें. लागणारी प्रणाली त्या त्या योजनेच्या मूळ ठिकाणाहूनच घ्यावी.

इतका खर्च सोसून पदरांत काय पडतें? ज्यांच्या यंत्रावर नवा तारा उमटला असे फार थोडे; इतर लाखों लोकांच्या यंत्रांनीं ‘येथें कांहीं नाहीं’ एवढेंच उत्तर दिलें. ‘सेटी ॲट होम’नें ३१ मार्च २०२० पासून नवें काम पाठविणें थांबविलें, आणि त्याच वर्षीं १ डिसेंबरला अरेसिबोची दुर्बीण कोसळली. वीस वर्षांच्या त्या श्रमांतून परक्या जगाची हांक निश्चित अशी ऐकूं आली नाहीं. तथापि शेताचा एखादाच कोपरा खुरपून ‘या शेतांत तण नाहीं’ असें सांगतां येत नाहीं. जी सरी स्वच्छ निघाली तीहि कोणीतरी पाहावी लागते, आणि तिची नोंद झाली म्हणजे पुढच्या संशोधकाला ती पुन्हां पाहण्याचें कारण उरत नाहीं. ज्याला महिन्याचीं तीस युनिटें या नोंदीसाठीं देणें परवडेल, त्यानें आपल्याला पटेल तें काम निवडून यंत्र जोडावें. ज्याला परवडणार नाहीं, त्यानें काम संपल्यावर यंत्र बंद करून वीज वांचवावी. त्यांतहि कमीपणा नाहीं.